वर थोडंच आहे

धोंडीराम मिस्त्रीने हातोडीच्या दांड्याने तुळईला तीन ठिकाणी ठोकून पाहिलं. दोनदा टणटणीत आवाज आला. तिसऱ्यांदा, बरोबर दुकानाच्या मध्यावर, भिजलेल्या पुठ्ठ्यावर थाप मारावी तसा आला. मिस्त्रीने तोंडातली तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली आणि पुन्हा तिथेच ठोकलं.

"आप्पा, हिला तडा हाय," तो म्हणाला. "आतनं पोखारलीया बी. वर माळ्यावर काय ठेवलंय?"

आप्पा पोंक्षे गल्ल्यामागे बसून चष्म्याच्या काचा पुसत होते. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "वडिलांच्या दोन ट्रंका आहेत आणि जुन्या मासिकांचे चार गठ्ठे. दुसरं काय असणार?"

मिस्त्री स्टुलावर उभा होता आणि स्टूल मी धरलं होतं. त्याने वाकून माझ्याकडे बघितलं. "जगूभाऊ, माळ्यावर तुमीच चढता. जड काय न्हाई न्हवं?"

"नाही," मी म्हणालो. "वर थोडंच आहे."

ही सत्त्याण्णव सालातल्या मार्चमधली गोष्ट, वार गुरुवार. येत्या रविवारी कराडातलं पोंक्षे ग्रंथभांडार कायमचं बंद व्हायचं होतं. आप्पांना त्र्याहत्तरावं लागलं होतं, मुलाला पुणं सोडून इकडे यायचं नव्हतं, आणि जागा एका साडीवाल्याला देऊन झाली होती. मिस्त्री आला होता तो कपाटांचं सागवान बघायला, सोमवारी तो ती सोडवून नेणार होता. मी, जगन्नाथ यादव, त्या दुकानात एकवीस वर्षं नोकरीला होतो. मॅट्रिकला गणितात आपटलो तेव्हा आप्पांनी मला ठेवून घेतलं होतं, आणि मग ना त्यांनी मला जा म्हटलं ना मला जावंसं वाटलं.

दुकान अरुंद आणि खोल होतं. पुढचं तोंड बाजाररस्त्यावर, मागचं दार बोळात. मागच्या अर्ध्या भागावर लाकडी माळा आणि त्याला टेकलेली शिडी. माळ्याचा सगळा भार एका आडव्या तुळईवर होता. तिच्या खाली, दुकानाच्या मधोमध, सगळ्यात जुनं आणि सगळ्यात उंच कपाट उभं होतं. त्याच्या डोक्यावरही आम्ही पुस्तकं आडवी रचून पार तुळईपर्यंत नेली होती. जागा कमी पडते तिथे सगळेच पुस्तकवाले असं करतात.

मिस्त्री खाली उतरला. "आप्पा, माझं ऐका. आदी वरचं उतरवा, मग खालचं इका."

"वरचं सोमवारी टेम्पोतून घरी जाईल," आप्पा म्हणाले. "लोक शेवटचं भेटायला येणार आणि आम्ही त्यांच्या डोक्यावर धूळ पाडत बसणार, हे काही बरं नाही. चार दिवसांचा तर प्रश्न आहे. सत्तेचाळीस वर्षं गावानं या दुकानाचं नाव चांगलं घेतलं मिस्त्री. जाता जाता ते तसंच राहावं, एवढंच माझं मागणं आहे."

"मग थोडंच हाय म्हन्ता तर दोन टेकू देऊन जातो," मिस्त्री म्हणाला. "पर ह्या मधल्या कपाटाला सोमवारपत्तुर हात लावू नका. वरपासनं खालपत्तुर भरलंय तवर ठीक हाय. ह्ये आता कपाट ऱ्हायलं न्हाई, खांब झालाय खांब."

त्याने दुपारी दोन वासे आणून तुळईखाली ठोकून बसवले, दोन ट्रंका आणि चार गठ्ठे जेवढे पेलतील तेवढ्या जाडीचे.

वर थोडं नव्हतं. वर सहा हजारांच्या आसपास पुस्तकं होती आणि ती एकेक करून मीच नेऊन ठेवली होती.

हे कसं झालं ते सांगायला हवं. पुस्तकाच्या दुकानात दरवर्षी काही पुस्तकं मरतात. कुणाचं कव्हर फाटतं, कुणाला पाणी लागतं, कुणाची पानं उलटी शिवली जातात, आणि काहींना काहीच होत नाही, फक्त कोणी घेत नाही. शाळा सुरू झाल्या की आणि दिवाळी झाली की आप्पा अशी पुस्तकं काढून मागच्या दारापाशी ठेवायला लावायचे. "जगू, हे रद्दीत घाल. रद्दीचे पैसे तुझ्या चहाला." दुष्टपणा नव्हता त्यात. नव्या पुस्तकाला जागा हवी, म्हणून जुन्याला बाहेर काढायचं, एवढाच हिशोब.

पहिली दोन वर्षं मी इमानेइतबारे रद्दीत घातली. मग एकदा स्टँडवर शेंगदाणे घेतले. खाऊन झाल्यावर पुडीचा कागद सहज उलगडला तर त्यावर छापलं होतं, 'कै. सौ. कुसुम हिच्या स्मृतीस'. ते पान मी ओळखलं. ओगलेवाडीचे एक प्राथमिक शिक्षक होते, त्यांनी स्वतःच्या खर्चाने कवितांचं पुस्तक काढलं होतं. साठ प्रती आमच्याकडे ठेवल्या होत्या. दर रविवारी ते रस्त्याच्या पलीकडे उभे राहून बघायचे, आपलं पुस्तक काचेत आहे का. आत यायला लाजायचे. एकही प्रत गेली नाही, आणि आठवड्यापूर्वीच त्यातली निम्मी मी रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवून आलो होतो. पुढच्या रविवारी मास्तर पुन्हा रस्त्यापलीकडे उभे होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

उरलेल्या तीस प्रती मी माळ्यावर नेल्या. तिथून पुढे मला सवयच लागली. दुपारी एक ते चार दुकान बंद असायचं, आप्पा घरी जाऊन जेवून आडवे व्हायचे आणि चावी माझ्याकडे असायची. रद्दीची पुस्तकं मागच्या दाराने बाहेर जायच्या ऐवजी शिडीने वर जायची. ब्याऐंशी साली आप्पा त्या शिडीवरून घसरले, गुडघा कायमचा दुखावला, आणि त्यानंतर त्यांनी वर डोकावून पाहिलं नाही. मला मोकळं रान मिळालं. दुधाच्या हिशोबाच्या वहीत लपूनछपून चित्रं काढणाऱ्या पोरासारखं मला ते वाटायचं, कोणाचं काही बिघडत नाही आणि आपल्याला बरं वाटतं.

आता त्या तुळईला तडा गेला होता आणि मी मिस्त्रीला खोटं सांगून बसलो होतो. खरं सांगायचं तर एकोणीस वर्षं आप्पांना फसवलं हेही सांगावं लागणार होतं, आणि तेही दुकान बंद व्हायला तीन दिवस उरलेले असताना. माझी जीभ रेटेना. मी मनाशी ठरवलं, दुपारच्या बंद वेळात गुपचूप जमेल तेवढं उतरवायचं.

शुक्रवारी आप्पा जेवायला गेले आणि मी शिडी चढलो. माळ्यावर वाकूनच चालावं लागायचं. पाऊल टाकलं तशी पायाखालची फळी किंचित दबली आणि कुठेतरी कट् असा आवाज आला. मी जागच्या जागी थिजलो. मग पोटावर सरपटत पुढे गेलो आणि पोत्यात पुस्तकं भरायला लागलो. चार वाजेपर्यंत अर्धी अर्धी भरलेली अकरा पोती उतरवली आणि तीन खेपांमध्ये सायकलवरून घरी नेऊन टाकली. बायको दारात उभी राहून बघत होती. "पगाराच्या ऐवजी देतायत का?" तिने विचारलं. मी सायकल वळवली. अकरा पोती काढूनही माळ्यावर काही काढलंय असं दिसतसुद्धा नव्हतं.

आणि खाली विक्री दणक्यात चालू होती. दुकान बंद होणार ही बातमी गावभर झाली होती. एरवी वर्षभर न फिरकलेली माणसं येऊन भिंतीकडची कपाटं रिकामी करत होती. प्रत्येक पुस्तक गेलं की आप्पा खूश व्हायचे आणि मी वर तुळईकडे बघायचो. खालचा माल कमी होत होता आणि वरचा तसाच होता. संध्याकाळी बालवाङ्मयाच्या कपाटाचं काचेचं दार मला लावता येईना. सकाळी ते सहज लागत होतं. चौकट वाकडी झाली होती. मी हाताने रेटून पाहिलं, मग तसंच सोडून दिलं.

"हवेने फुगलं असेल," आप्पा म्हणाले.

"हो," मी म्हणालो. मार्चमध्ये लाकूड सुकतं, फुगत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, पण त्यांचं लक्ष नव्हतं आणि माझी हिंमत नव्हती.

शनिवारी एक वाजला. मी शटर अर्धं ओढलं आणि आप्पांची पिशवी आणि काठी त्यांच्यापुढे ठेवली.

"मी जात नाही आज," ते म्हणाले. "दोनच दुपारी उरल्यात. इथेच बसतो."

"जेवण?"

"डबा मागवलाय, तुझाही. बस."

आम्ही मधल्या कपाटाला पाठ टेकून जमिनीवर बसून जेवलो. आप्पा कधी नव्हे ते बोलत होते. दुकान उघडलं त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक कोण आलं, काय घेतलं, पावसाने नदी वर आली तेव्हा पुस्तकं डोक्यावरून कशी नेली. मी हूं हूं करत होतो आणि माझे कान वर होते. मध्येच पुन्हा तो आवाज झाला, कट्, आणि आप्पांच्या भातावर बारीक पिवळसर भुकटी पडली.

त्यांनी ती चमच्याने बाजूला केली. "उंदीर झालेत वाटतं."

"आप्पा," मी म्हणालो.

"काय रे?"

आत्ता सांगायचं होतं. दुकानात आम्ही दोघंच होतो, शटर खाली होतं, लाज वाटली असती ती चार भिंतींत राहिली असती. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि एवढं समाधान त्यांच्या तोंडावर मी कधी पाहिलं नव्हतं.

"काही नाही. ताक घेता?"

या एका घोटभर ताकाबद्दल मी स्वतःला आजतागायत माफ केलेलं नाही.

रविवारी सकाळी आठला शटर वर केलं तेव्हा बाहेर माणसं उभी होती. कुणी हार आणला होता, कुणी पेढे. आप्पा कडक इस्त्रीचं धोतर नेसले होते. भिंतीकडची कपाटं दहा वाजेपर्यंत साफ झाली. फक्त मधलं कपाट भरलेलं होतं, आणि त्यावर मी सकाळीच एक जुनी चादर बांधून टाकली होती, ते विक्रीला नाही असं भासावं म्हणून.

दुपारी बाराच्या सुमाराला इस्लामपूरहून एक कुटुंब आलं. बाई कॉलेजात असताना आमच्याकडून पुस्तकं न्यायच्या, आता मुलीला दुकान दाखवायला घेऊन आल्या होत्या. त्यांना द्यायला काहीच उरलं नव्हतं. आप्पा गल्ल्यावरून उठले, मधल्या कपाटापाशी गेले आणि चादरीची गाठ सोडायला लागले.

"आप्पा, ते नको," मी धावलो. "मिस्त्री काय म्हणाला होता?"

"मिस्त्री दोन टेकू देऊन गेलाय. आणि वर आहे काय असं? तूच म्हणालास ना, थोडंच आहे." त्यांनी चादर काढली. "एवढ्या लांबून आलेल्या माणसाला मी रिकाम्या हाताने पाठवू? आज?"

माझंच वाक्य त्यांनी माझ्या हातात दिलं. मी बाजूला झालो. वरच्या कप्प्यातलं एक पुस्तक निघालं, मग दुसरं, आणि ते बघून बाकीची माणसंही त्या कपाटाकडे वळली.

त्या दिवशी दुपारीही शटर ओढलं नाही, आणि पुढचे चार तास माझा जीव टांगणीला लागला होता. मी गिऱ्हाइकांना खालच्या कप्प्यातलं द्यायचो, वरच्याला हात लावू द्यायचो नाही, कोणी स्टुलावर चढलं की हाताला धरून उतरवायचो. एका गृहस्थांनी विचारलंदेखील, "जगन्नाथराव, आज एवढे तापट का?" चार वाजता धोंडीराम मिस्त्री आला. उद्याच्या कामासाठी दुकान पाहून ठेवावं म्हणून आला होता. दारातून आत पाऊल टाकलं आणि मधलं कपाट अर्धं रिकामं बघून तो थबकला. मग त्याने वर पाहिलं. तुळईचा मध्य खाली आला होता. उजवीकडचा टेकू धनुष्यासारखा वाकला होता.

तो गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "जगूभाऊ, वर किती हाय? खरं सांगा."

मी उत्तर देण्याआधी डावा टेकू जमिनीवरून बोटभर सरकला. फरशीवर त्याचा किरकिर असा आवाज झाला आणि सगळ्या दुकानात धूळ उतरली.

"बाहेर व्हा सगळे," मी म्हणालो. कुणी हललं नाही. मग मी ओरडलो. इस्लामपूरच्या बाई परत काही घ्यायला आल्या होत्या, त्यांच्या मुलीचं मनगट धरून मी तिला दाराबाहेर काढलं. माणसांना दंडाला धरून, पाठीला हात लावून मी अक्षरशः हाकललं. ज्यांना एकवीस वर्षं या बसा म्हटलं त्यांना मी त्या दिवशी जनावरासारखं बाहेर घातलं. कुणाचे पेढे पायदळी गेले. मिनिटाभरात आत तिघंच उरलो: आप्पा, मिस्त्री आणि मी.

आप्पा रागावले होते, पण आवाज चढला नाही. "जगू, हे काय केलंस? माझ्या दारातून माणसं हाकलून दिलीस?"

"आप्पा, चला बाहेर. वर थोडं नाही. सहा हजार पुस्तकं आहेत."

"काय बरळतोस?"

"तुम्ही रद्दीत घाल म्हणालात ती सगळी. पहिल्या दोन वर्षांनंतर मी एकही घातली नाही. वर नेऊन ठेवली, एकोणीस वर्षं. शप्पथ."

मिस्त्रीने तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेतलं आणि वाकलेल्या टेकूला खांदा लावला. "आप्पा, निगा."

आप्पा निघाले नाहीत. ते शिडीपाशी गेले. "माझ्या माळ्यावर काय आहे ते मला कळायला नको?" असं म्हणून ते त्या दुखऱ्या पायाने पहिली पायरी चढलेसुद्धा. मी त्यांचं धोतर धरलं, तर त्यांनी असं बघितलं की हात सुटला. तेवढ्या सात पायऱ्या चढायला त्यांना किती वेळ लागला कोण जाणे. मी मागोमाग अर्ध्या शिडीवर गेलो. त्यांचं डोकं माळ्याच्या तोंडात गेलं आणि ते तसेच थांबले.

तुळई करकरत होती. मग वरून आवाज आला, अगदी साधा, दुकानात माल लावताना यायचा तसा. "हे त्या ओगलेवाडीच्या मास्तरांचं ना?"

"हो."

"आणि ही उलट्या बांधणीची?"

"हो आप्पा. खाली या."

"घे," ते म्हणाले आणि एक पुस्तक माझ्या हातात आलं. मग दुसरं. "घे. मास्तरांच्या तीसच दिसतायत. तेवढ्या तरी काढू. ते परवा भेटले होते मला बाजारात, माहीत आहे? अजून आहेत ते."

ज्या माणसाने ही पुस्तकं रद्दीत घालायला सांगितली तो आता ती सोडून खाली यायला तयार नव्हता. खालून मिस्त्री हाकारत होता, "जगूभाऊ, माझ्यानं धरवंना." मी आप्पांचा पाय धरून ओढला असता तर आम्ही दोघंही खाली कोसळलो असतो. त्यांनी स्वतःहून उतरायला हवं होतं, आणि त्यासाठी एकच गोष्ट उरली होती. ती बोलताना मला रडू फुटत होतं, पण बोललो.

"टाका ती आप्पा. रद्दी आहे ती."

ते थांबले. "काय म्हणालास?"

"रद्दी आहे. तुम्हीच म्हणाला होता आणि खरं म्हणाला होता. कोणाला नको आहेत ती. एवढ्या वर्षांत कोणी विचारायला आलं का? मीच मूर्ख. टाका आणि खाली या."

त्यांनी माळ्याच्या तोंडातून वाकून माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. माझ्या त्या दुकानाचा निरोप असा झाला, त्यातल्या सहा हजार पुस्तकांना तोंडावर नाही नाही ते बोलून. आप्पांनी हातातलं पुस्तक परत जागेवर ठेवलं, नीट, कडा जुळवून, आणि एक पाय खाली सोडला.

मी त्यांना कमरेला धरून दाराबाहेर आणलं. रस्त्यात आलो आणि मी मागे वळून मिस्त्रीला हाक मारली. टेकू सोडून तो पळाला. तो उंबऱ्यावर पोचला असेल नसेल, तेवढ्यात माळा आला. आवाज असा झाला की पलीकडच्या भांड्यांच्या दुकानातल्या कळश्या मांडणीवरून पडल्या. धुळीतून मिस्त्री दिसला तेव्हा तो पालथा होता आणि गुडघ्याखालचा उजवा पाय तुळईच्या तुकड्याखाली होता. आम्ही दहाबारा जणांनी ती उचलली. त्याच्या अंगावर, पायावर, उंबऱ्यावर पुस्तकंच पुस्तकं होती.

अर्ध्या तासात हवालदार आला. एवढ्या गर्दीला त्याने मागे सारलं, ढिगाकडे बघितलं आणि वहीत लिहायला लागला. "माळ्यावर एवढा माल भरला कोणी?"

मी पुढे झालो. तोंड उघडलंही होतं.

"मी," आप्पा म्हणाले. "दुकान माझं आहे."

"मिस्त्रीनं सावध केलं होतं?"

"केलं होतं. थोडंच आहे, असं मी त्याला सांगितलं." मग माझ्या मनगटावर हात ठेवून, धुळीने पांढऱ्या झालेल्या तोंडाने, म्हणाले, "जगू, तू मिस्त्रीबरोबर दवाखान्यात जा. त्याच्या घरी कळव." आणि मी गेलो. रिक्षात मिस्त्रीने माझा हात घट्ट धरला होता. दवाखान्यात पोलिसांनी त्यालाही विचारलं तेव्हा तो म्हणाला, आप्पांनी थोडंच म्हणून सांगितलं होतं. ते अगदीच खोटं नव्हतं, आप्पांनीही दोन ट्रंकाच म्हटल्या होत्या. सांगताना तो माझ्याकडे बघत होता.

पाय वाचला, पण आखूड झाला. मंगळवारच्या पेपरात मथळा होता, 'दुकानमालकाचा हलगर्जीपणा, सुतार जायबंदी'. आठ दिवसांनी मी आप्पांच्या घरी गेलो. ते झोपाळ्यावर बसले होते. मी म्हणालो, "आप्पा, मी पोलिसांत जाऊन खरं सांगतो."

"कशाला आता? माझं दुकान बंद झालंय. तुला अजून कुठेतरी नोकरी करायची आहे." मग त्यांनी विचारलं, "त्यातली वाचली होतीस का रे कधी?"

"जवळजवळ सगळी."

"मी एकही नाही वाचली," ते म्हणाले आणि झोपाळ्याला पायाने झोका दिला.

मी पोलिसांत गेलो नाही. घाबरलो होतो, केस होईल, बायकापोरं उघड्यावर पडतील. आणि खरं सांगायचं तर आप्पांनी नको म्हटल्यावर माझी सुटका झाल्यासारखं वाटलं होतं. सव्वा वर्षाने आप्पा गेले. अंत्ययात्रेला मोजकी माणसं होती. शेवटच्या रविवारी हार घेऊन आलेल्यांपैकी मला फक्त दोघं दिसले. गावात बोललं जायचं, म्हातारा लोभी, मेलेला माल पण सोडवला नाही, लोकांच्या पोरीबाळी मारल्या असत्या. सत्तेचाळीस वर्षांचं चांगलं नाव त्या एका दुपारी पुसलं गेलं. मिस्त्री सहा वर्षांपूर्वी वारला. रस्त्यात भेटला की राम राम करायचा, लंगडत पुढे जायचा, त्या दिवसाबद्दल कधी अक्षर काढलं नाही.

गेल्या महिन्यात इथल्या तरुण मुलांच्या एका वाचनकट्ट्याने मला बोलावलं. गावातल्या जुन्या दुकानांच्या आठवणी सांगा, म्हणाले. एकाने सुरुवातीलाच विचारलं, "पोंक्षे म्हणजे तेच ना, ज्यांनी माळा भरून ठेवला होता?" सभागृहात चाळीसेक माणसं होती. मी पासष्ट वर्षांचा आहे, मुलं मार्गी लागली आहेत, आता कोणाची भीती नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माळा आप्पांनी भरला नव्हता. मी भरला. त्यांना माहीतही नव्हतं. त्यांनी माझा गुन्हा स्वतःच्या अंगावर घेतला." मग सगळं सांगितलं, मास्तरांच्या पुस्तकापासून ताकापर्यंत.

बोलून झाल्यावर टाळ्या झाल्या. अध्यक्षबाई डोळे पुसत उठल्या. "मालक जाऊन इतकी वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "तरी त्यांच्यावरचा डाग हा माणूस स्वतःच्या अंगावर घेऊ बघतो. अशी निष्ठा आता बघायला मिळत नाही." त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली. मी माइककडे हात केला, पण तो माइक सांभाळणाऱ्या पोऱ्याने तोवर बंद करून टाकला होता.